जलपर्णीच्या आडचा पाइप

काकींच्या बोटांच्या पेरांवर जखमा झाल्या होत्या. लहान, गोल, टाचणीनं कोरल्यासारख्या, आणि दोन महिने झाले तरी भरत नव्हत्या. काकी म्हणजे ओढ्याच्या काठी आमच्या रानाला लागून ज्यांचं रान आहे त्या. नवरा गेल्यापासून एकट्याच राहतात. पालक, मेथी, कोथिंबीर लावायची, सकाळी उपटून ओढ्यात धुवायची, जुड्या बांधायच्या आणि निमगाव केतकीच्या बाजारात नेऊन विकायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम.

त्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा त्या आमच्या ओट्यावर बसल्या होत्या. दोन्ही हात पुढं करून म्हणाल्या, "पोरी, तू औषधांचं शिकवती न्हवं? ह्ये बघ. भाजी धुतली की नुसती आग हुती. दवाखान्यातनं मलम आणलं, कायबी फरक न्हाय."

मी औषधांचं शिकवत नाही. बारामतीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. लासुर्ण्यापासून आत असलेल्या आमच्या गावातून रोज एसटीनं जाते-येते. पण काकींना तो फरक सांगत बसले नाही. म्हटलं, "चला, भाजी कुठं धुता ते दाखवा."

ओढ्याच्या पुलावरून मी रोज जायचे, पण खाली उतरून पाणी कधी बघितलं नव्हतं. ते पिवळं होतं. गढूळ असतं तर कुणीही सावध झालं असतं. हे तळ दिसेल इतकं नितळ आणि लिंबाच्या सरबतासारखं पिवळं. हा रंग माझ्या ओळखीचा होता. क्रोमियमच्या क्षारांचा हा रंग मी दर आठवड्याला प्रयोगशाळेतल्या बाटलीत बघते, आणि मुलांना बजावते की हाताला लागू देऊ नका. आणि इथं माझी शेजारीण त्यात रोज कोपरापर्यंत हात घालून पालक धुत होती. तोच पालक आम्हीही खात होतो.

दुसऱ्या दिवशी बाटली भरून कॉलेजात नेली. एक रसायन असं आहे की त्याचे थेंब टाकले की असलं क्रोमियम असलेलं पाणी जांभळं होतं. जितकं जास्त, तितका रंग गडद. माझी परीक्षानळी वांग्याच्या सालीसारखी झाली. खात्रीसाठी पुण्याच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला. त्यांचा कागद आला: क्रोमियम आणि निकेल, दोन्ही मर्यादेच्या कितीतरी वर.

पाणी कुठून येतं हे शोधायला कुणाला विचारावं लागलं नाही. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक पत्र्याची शेड आहे. मोटारसायकलच्या सुट्या भागांना तिथं निकेल-क्रोमची चकाकी देतात. ती शेड माझ्या चुलत दिरांची. ऊस मोडून त्यांनी ती उभी केली, गावातल्या पोरांना काम दिलं. उद्घाटनाच्या दिवशी मीही पेढे खाल्ले होते आणि आमच्या घरातला माणूस पुढं गेला म्हणून मिरवले होते. शेडच्या मागून एक पाइप निघतो. तो आमच्या बांधाखालून गाडलेला आहे आणि ओढ्यात उघडतो. तो पुरायची परवानगी माझ्या सासऱ्यांनी, आबांनी दिली होती. "हात धुयाचं पाणी हाय म्हणाला पोरगा," एवढंच त्यांना माहीत होतं.

मी कागद घेऊन भाऊजींकडं गेले. त्यांनी चहा मागवला, कागद वाचल्यासारखा केला आणि म्हणाले, "वहिनी, घाबरू नका. दहादा पाणी मारून सोडतो आम्ही."

"दहादा पाणी मारलं म्हणजे क्रोमियम जातं कुठं, भाऊजी?"

"वाहून जातं की," ते म्हणाले आणि हसले.

वाहून जातं. खाली काकींचं रान आहे, त्याखाली आणखी कुणाकुणाच्या विहिरी आहेत, आणि पुढं नीरा नदी आहे. पण त्यांच्या शेडच्या फाटकाबाहेर गेलं म्हणजे त्यांच्या दृष्टीनं ते संपलं. मी म्हटलं, सांडपाण्यावर प्रक्रिया करायची टाकी बसवा. ते म्हणाले, बसवायचीच आहे, पुढच्या वर्षी. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी बँकेच्या माणसालाही हेच सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं.

मग मी अर्ज केले. ग्रामसेवक म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरातलंच आहे, बसून मिटवा." प्रदूषण मंडळाच्या जिल्ह्याच्या कचेरीतून एक साहेब पाणी तपासायला आले. ते आले त्या दिवशी ओढ्याचं पाणी बिनरंगाचं, स्वच्छ. पाइप आदल्या दिवसापासून कोरडा. साहेब येणार हे मला, तक्रार करणारीला, कळवलेलं नव्हतं; शेडला मात्र बरोबर कळलं होतं. साहेबांनी बाटली भरली, शेडमध्ये चहा घेतला आणि निघून गेले. पाणी ठीक असल्याचा कागद आला. मी तो घडी करून पुण्याच्या कागदाशेजारी ठेवला. दोन्हींवर गोल शिक्का होता.

माझे यजमान दूध संघात कामाला. ते माझ्या बाजूनं होते, पण चुलत भावाशी वाकडं घ्यायची त्यांची तयारी नव्हती. "तुझं बरोबर आहे, पण..." असं म्हणून ते थांबायचे. त्या 'पण'चा मला इतका संताप यायचा की मी ताटावरून उठून जायचे.

पाइप बंद होत नाही, तर निदान काकींच्या रानात येणारं पाणी तरी शुद्ध करता येईल का, म्हणून मी वाचायला लागले. जलपर्णीची मुळं पाण्यातले धातू शोषून घेतात, पाणथळीत उगवणारं पाणकणीस हे उंच गवतही घेतं, हे मी पूर्वी कुठंतरी शिकले होते आणि विसरले होते. काकींना समजावून सांगितलं, "झाड पाणी पितं तसं त्यातलं विषही ओढून घेतं आणि मुळांत साठवतं. पण झाड कुजलं की ते विष परत पाण्यात येतं. म्हणून वेळेवर काढायचं, आणि काढलेलं कुठंही टाकायचं नाही."

काकींनी थोडा विचार केला. "म्हंजी आपला कचरा झाडाच्या डोक्यावर."

"आपला नाही काकी, त्यांचा."

"व्हय. पर काढायचा आपुन."

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

काकींनी ओढ्याकडची रानाची पट्टी दिली. एका पाठोपाठ एक तीन खड्डे घेतले, त्यात शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद अंथरला. उन्हाळ्यात ओढ्याला कालव्याचा पाझर आणि शेडचं पाणी एवढंच असायचं. ते पहिल्या खड्ड्यात वळवलं. तो भरला की दुसऱ्यात, दुसरा भरला की तिसऱ्यात, आणि तिथून परत ओढ्यात. जलपर्णी आणायला मी आणि आबा टेम्पो घेऊन उजनी धरणाच्या फुगवट्यावर गेलो. तिथं पाण्यावर तिचं हिरवं रान माजलेलं. एक मासेमार जाळं सोडवत बसला होता. आम्ही ती टेम्पोत भरतोय बघून म्हणाला, "हिला न्यायला कोणतरी आलंय हे आमी पयल्यांदाच बघतुया. सगळीच न्या, बाई."

पहिली खेप आठ दिवसांत मेली. पानं कडेनं करपली, मग पूर्ण लोळली. पाणी इतकं जहाल होतं की धरणाला न जुमानणारी जलपर्णीही त्यात जगेना. मग आबांनी कालव्याच्या पाझराचा आणखी एक चर वळवून पहिल्या खड्ड्यात आणला, पहिल्या खड्ड्यात पाणकणीस लावलं आणि जलपर्णी दुसऱ्यापासून सोडली. या वेळी ती तगली. महिन्याभरात पाणी दिसेना इतकी पसरली. मुळं उचलून बघितली तर काळीकुट्ट.

मी तिन्ही खड्ड्यांचं पाणी कॉलेजात, सुट्टीतल्या जादा तासाला मुलांसमोर तपासलं. पहिल्याचं जांभळं. दुसऱ्याचं गुलाबी. तिसऱ्याच्या पाण्यात थेंब टाकले आणि काही झालं नाही. मी पुन्हा टाकले. तरी काही नाही. मी मुलांकडं पाठ करून उभी राहिले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

काढलेली झाडं आम्ही कागदावर वाळवून पोत्यांत भरत होतो. ती कुठं पाठवायची हे विचारायला मी चार कार्यालयांना पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही. पोती गोठ्याशेजारच्या खोलीत वाढत गेली. आबा म्हणायचे, "ज्याचं हाय त्याच्या दारात नेऊन टाकू का?" मी त्यांना आवरायचे. आज वाटतं, आवरायला नको होतं.

बातमी पसरली. लोक बघायला यायला लागले. एक दिवस भाऊजी आले, खड्ड्यांच्या कडेनं फिरले, तिसऱ्या खड्ड्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, कमाल केली तुम्ही." मला वाटलं, माणसाला लाज वाटली. आता टाकी बसवतील.

पंधरा दिवसांनी काकींच्या बांधावर लोखंडी बोर्ड लागला. हिरव्या अक्षरांत: नैसर्गिक जलशुद्धीकरण प्रकल्प. खाली भाऊजींच्या कारखान्याचं नाव, त्याखाली ग्रामपंचायतीचं. काकींना वाचता येत नाही. बोर्ड लावणाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं की मॅडमनी लावायला सांगितलाय. त्याच आठवड्यात आबांनी मला सांगितलं की शेडमध्ये दुसरा हौद बांधताहेत. "टाकी?" मी आशेनं विचारलं. "टाकी न्हाय. मुलाम्याचा हौद. काम वाढवलंय त्यानं. आता पाणी शुद्ध हुतंय म्हणतोय."

मला आधी हे खरं वाटेना. मग सगळं लख्ख कळलं. जे विष मी, काकी आणि आबांनी हातमोजे घालून, कमरेत वाकून गोळा केलं होतं, त्याच्या जिवावर भाऊजींनी आणखी विष सोडायची सोय केली होती. आमचे खड्डे त्यांच्या शेडचा भाग झाले होते, फुकटात आणि दुसऱ्याच्या रानात.

मी भांडायला जाणारच होते, पण शिक्षकांच्या प्रशिक्षणाला चार दिवस पुण्याला जावं लागलं. परत आले ती पंचायतीनं ठेवलेल्या पर्यावरण दिनाच्या कार्यक्रमाच्या आदल्या सकाळी. खड्डे रिकामे होते. चकाचक. कडेनं चुना मारलेला. पाहुणे येणार म्हणून पंचायतीनं जेसीबी लावून सगळी जलपर्णी उपसली होती. काकी बांधावर बसून होत्या. "मी आडवी झाले पोरी," त्या म्हणाल्या, "पर ते म्हणले, मॅडमला इचारलंय."

मी ग्रामसेवकांना फोन केला. ते खुशीत होते. "वाया नाही घालवली मॅडम. ट्रॉल्या भरून शेतकऱ्यांना वाटली. सेंद्रिय खत."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. आबांनी फोन माझ्या हातातून घेतला, ट्रॅक्टर काढला आणि आम्ही घरोघर फिरलो. चार जणांकडं ती गेली होती. दोघांनी ढिगारा अजून पसरला नव्हता, त्यांनी कुरकुरत परत भरू दिला. एकानं मेथीच्या वाफ्यात रोटाव्हेटरनं मिसळून टाकली होती. मी त्याला हात जोडून सांगितलं की इथली भाजी खाऊ नका, विकू नका. तो म्हणाला, "पंचायतीनं दिलंय, तुमी कोण सांगणार?" चौथ्यानं दावणीत टाकली होती. म्हशीनं अर्धी खाल्ली होती. "म्हस तर धडधाकट हाय," तो म्हणाला. होतीच. अशा विषानं कुणी त्याच दिवशी आडवं पडत नाही, म्हणून तर सगळ्यांचं फावतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात मांडव होता. व्यासपीठावर तालुक्याचे पाहुणे, सरपंच, भाऊजी. मला बोलावून शाल पांघरली, नारळ दिला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी शिक्षिका आहे. बोलण्यापेक्षा दाखवणं मला जमतं. सकाळी पाइपच्या तोंडाशी भरलेली बाटली मी पिशवीतून काढली. टेबलावरच्या काचेच्या पेल्यात पाणी ओतलं आणि थेंब टाकले. पेला जांभळा झाला.

"हे आज सकाळचं पाणी आहे," मी म्हणाले. "आमच्याच घरच्या शेडमधून येतंय. झाडं लावून ते थांबत नाही, फक्त झाडांत साठतं. आणि ती झाडं काल तुमच्या रानांत आणि दावणीत टाकली गेली."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला वाटलं मी नीट बोलले नाही. पुन्हा तेच सांगितलं. पाहुणे खाली वाकून पेला बघत होते. माइक घेऊन म्हणाले, "विज्ञान किती सोपं करून सांगता येतं, हे मॅडमनी दाखवलं." पुन्हा टाळ्या. भाऊजीही टाळ्या वाजवत होते, पण माझ्याकडं बघत नव्हते. ग्रामसेवक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, वेळ कमी आहे. मी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि मांडवातून चालत घरी आले.

चार दिवसांनी भाऊजींचा फोन आला. "वहिनी, खड्डे मोकळे पडलेत. पाणी परत पिवळं दिसतंय, बोर्डाखालीच. जलपर्णी कधी टाकताय? गाडी पाठवतो."

"टाकणार नाही."

"का?"

"आधी पाइप बंद करा."

ते म्हणाले, "तुम्हाला गावाच्या तब्येतीची काळजी होती ना? आता लोकांना विषारी पाणी मिळतंय ते तुमच्या हट्टापायी."

मी आयुष्यात कुणाला शिवी दिलेली नाही. त्या दिवशीही दिली नाही, पण फोन मध्येच ठेवून दिला. हीच गोष्ट मग गावातून माझ्या कानावर यायला लागली. मॅडम अडून बसल्या. मॅडमना मोठेपणा पाहिजे. पिठाच्या गिरणीत, स्टँडवर, हळदीकुंकवात. पाइप ज्याचा होता त्याला कुणी काही म्हणत नव्हतं.

आबा हे सगळं ऐकत होते. ते मुळात कमी बोलणारे. एका सकाळी त्यांनी कुदळ आणि सिमेंटचं पोतं ट्रॅक्टरवर टाकलं आणि मला म्हणाले, "सूनबाई, आज कॉलेजला सुट्टी टाक." काकी आधीच बांधावर येऊन उभ्या होत्या. आबांनी आपल्या बांधावर पाइप गाडला होता ती जागा उकरली, पाइप फोडला आणि शेडच्या बाजूचं तोंड चिंध्या आणि सिमेंटनं बुजवायला सुरुवात केली. तासाभरात शेडच्या अंगणात पाणी तुंबलं. भाऊजी धावत आले.

"आबा, हे काय करताय? परवानगी दिली होती तुम्ही."

"दिली हुती. हात धुयाच्या पाण्याला." आबांनी थापी बाजूला ठेवली. "हिचे हात बघ," काकींकडं बोट दाखवून म्हणाले. "हात धुयाच्या पाण्यानं हे असं झाल्यात का?"

"आबा, काम बंद पडेल. पोरं घरी बसतील."

"बसू देत. टाकी बांध, मग पाइप जोड. माज्या बांधातनं पिवळं पाणी जाणार न्हाय."

"घरातला माणूस असा वागतो?"

"घरातला हाय म्हणून इतके दिस गप बसलो. चूक माजीबी हाय." असं म्हणून आबांनी परत थापी उचलली.

भाऊजींनी जिल्ह्याच्या त्याच कचेरीत तक्रार केली. गंमत म्हणजे या तक्रारीवर तिसऱ्याच दिवशी माणूस आला. पण बांध आबांच्या नावावर होता, परवानगी तोंडी होती, आणि शेडच्या अंगणात तुंबलेलं पिवळं पाणी या वेळी झाकायला कुणाला सवड मिळाली नव्हती. साहेबांना ते बघावंच लागलं. शेड पाच महिने बंद राहिली. मग टाकी झाली. मी स्वतः जाऊन पाणी तपासलं, रंग आला नाही, तेव्हा आबांनी पाइप जोडू दिला. आजही मी दर महिन्याला, न सांगता, बाटली भरते.

याला कुणी शेवट गोड म्हणत असेल तर म्हणो. ओढ्याच्या तळातला गाळ अजून विषारी आहे आणि तो कसा काढायचा हे मला सांगायला कुणी तयार नाही. काकींच्या जखमा भरल्या, व्रण राहिले. त्या आता बोअरच्या पाण्यावर रानाच्या वरच्या कोपऱ्यात भाजी करतात, खालची पट्टी पडीक आहे. मेथीच्या वाफ्याचं काय झालं ते मला माहीत नाही. तो शेतकरी माझ्याशी बोलत नाही. भाऊजींच्या घरी लग्न झालं, आम्हाला पत्रिका आली नाही. यजमानांना ते लागलं. मलाही लागलं, खोटं कशाला सांगू.

गेल्या आठवड्यात वडगाव निंबाळकरच्या बाजूचा एका माणसाचा फोन आला. त्यांच्या तळ्यात कसलंसं काळं पाणी येतंय, गुरं तोंड लावत नाहीत, माझ्याबद्दल कुणाकडून तरी ऐकलं, जलपर्णी कशी टाकायची ते सांगा म्हणाला. मी विचारलं, पाणी येतंय कुठून?

"ते आमच्या इथल्या एका मोठ्या माणसाचं आहे, मॅडम."

"मग आधी त्याच्याकडं जा. मी येते तुमच्याबरोबर."

"ते नंतर बघू," तो म्हणाला. "आधी जलपर्णीचं सांगा."

मी त्याला जलपर्णीचं काही सांगितलं नाही. त्याचा पत्ता लिहून घेतला. रविवारी सकाळी बाटल्या घेऊन येते, असं सांगून फोन ठेवला.